पोळ्याच्या मैदानाला एकटीची सही

राजूरच्या अलीकडे एक गाव आहे. तिथे कोळशाच्या ट्रकांची धूळ इतकी की, सकाळी पांढरा निघालेला बगळा दुपारी कावळ्यांच्या पंगतीत जेवून येतो आणि त्याला कोणी हटकत नाही. त्या गावात काळं व्हायचं राहिलेलं एकच ठिकाण होतं, देवीलालचं पडीक वावर. पोळ्याला साऱ्या गावाचे बैल तिथेच तोरणाखाली उभे राहत. हे वावर पोळ्यासाठी कायमचं विकत घ्यावं म्हणून किसनराव मरण्याआधी ट्रस्ट करून, पैसा ठेवून गेले. विश्वस्त तीन: त्यांची सून इंदुताई, शेजारचे बबनराव आणि वणीचे निवृत्त हेडक्लार्क मधुसूदनपंत.

ट्रस्टच्या सभेला आरंभी विरजण लावलं, तर आभार मानेपर्यंत तूप कढत असे. दर सभेत मधुसूदनपंत ट्रस्टची घटना वाचत: जमीन घेताना एका विश्वस्ताची सही पुरे, विकताना तिघांची पाहिजे. सगळे जांभया देत माना डोलावत. खरेदीला धर्मादाय कार्यालयाची परवानगीही आली होती. घोडं अडलं होतं बबनरावांपाशी. तोरणाखाली पहिली जोडी त्यांच्या घराची. त्यांनी बैल विकून ट्रॅक्टर घेतला, मान मात्र विकला नाही.

"आधी माह्या ट्रॅक्टरले पहिला मान द्या, मंग जमिनीचं बोला," ते म्हणत. आणि मधुसूदनपंत विषय पुढच्या सभेत ढकलत.

एके दिवशी देवीलाल इंदुताईंच्या ओसरीवर आला. "ताई, मी पोरीकडं नागपूरले चाल्लो. कोळशेवाला परवा इसार देऊन राह्यला. तुमचं पाहा."

ताई बबनरावांकडे गेल्या. ते म्हणाले, "ट्रॅक्टरचं काय?" मधुसूदनपंतांना फोन केला. ते म्हणाले, "सभेची नोटीस काढतो. रीतसर होऊ द्या."

"तवरीक तिथं कोळशाचा डोंगर होईन ना, भाऊ!"

दुसऱ्या दिवशी ताई देवीलालला घेऊन वणीला गेल्या आणि वावर ट्रस्टच्या नावावर करून आल्या. सही एकटीची.

संध्याकाळी दोघेही विश्वस्त ओसरीवर हजर. बबनरावांच्या मिशा अशा फुरफुरत होत्या की अंगणातल्या कोंबड्या उडून माळ्यावर बसल्या.

"कोणाले इचारून घेतली जमीन?"

"मामाजीले."

"तुमचे सासरे तं मेले!"

"म्हणून तं सभा लागली नाई."

मधुसूदनपंतांनी घसा साफ केला. "सहविश्वस्तांची संमती न घेता? वहिनी, हे बरोबर नाही. जमीन परत विकून टाकू."

"टाका ना. पण विकाले तीन सह्या लागतात. तुमीच वाचता दरवेळी. दोन तुमच्या झाल्या."

"मग तिसरी करा की!"

"नोटीस काढा," ताईंनी चहाचे कप पुढे सरकवले. "रीतसर होऊ द्या."

पोळ्याच्या दिवशी बबनराव ट्रॅक्टरला झूल घालून, दिव्यांना गोंडे लावून तोरणाकडे निघाले. तोरणाखाली ताई आपली जोडी घेऊन आधीच उभ्या.

"बाजूले व्हा. मान माहा हाये."

"बैल आणा, मान घ्या. डिझेल पेणाऱ्याले नाई!"

वाद्यं थांबली. पोळ्यातली झडती, म्हणजे तोरणाखाली ठणकावून म्हणायचं टोमण्याचं कवन, म्हणायची ती पुरुषांनी, अशी गावाची चाल. ताईंनी पदर खोचला आणि स्वतःच झडती ठोकली:

"सभा बसली, चहा सरला, ठराव म्हणे उद्या,
वावर माह्या बैलांचं, ट्रक तिकडंच राहू द्या!
हर बोला हर हर..."

"महादेव!" गाव असं गरजलं की तिकडे राजूरला उभ्या ट्रकांचे हॉर्न आपोआप वाजले. बबनराव गप्प राहणार होते. पण झडतीला गप्प राहणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच निघाला.

मग ट्रॅक्टर मागे घेऊन ते उतरले, ताईंजवळ आले.

"पुसदच्या बाजारातून जोडी आणतो पुढच्या साली. मंग पहिला मान माहा."

"आणा," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी बैलांना तोरणाखालून पुढे हाकलं. "सभेत मांडू."