भट्टीचं दार

मी इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारं फावडं बोलतोय. माझं पातं पोलादाचं, दांडा हिकरीच्या लाकडाचा. अमेरिकेतल्या मिसिसिपीत, कापसाच्या शेतांमधून जाणाऱ्या मालगाडीवर मी एकोणीस वर्षं काढली, तीही एकाच माणसाच्या हातात. त्याचं नाव आयझम पेटवे. तो डावखुरा होता. त्याच्या पंजाने माझा दांडा एका बाजूला झिजलाय. दुसऱ्या कुणाच्या हातात मी नीट बसत नाही.

आयझम काळा होता, म्हणून फायरमन, म्हणजे कोळसा टाकणारा, होता. ड्रायव्हर तो कधीच होणार नव्हता. ती जागा गोऱ्यांची. कोळशाचं काम मात्र गोऱ्यांना नको असे. "हे तुम्हा लोकांनाच शोभतं," म्हणून ते हसत. मग मंदीत बँका बुडाल्या, लाकडाच्या गिरण्या बंद पडल्या, आणि तेच लोक स्टेशनाबाहेर उभे राहून आयझमच्या हातातल्या माझ्याकडे बघू लागले.

एकदा आयझमच्या जेवणाच्या डब्यात चिठ्ठी निघाली. 'उतर, नाहीतर उतरवू.' पंधरा दिवसांत दुसऱ्या गाडीवरच्या एका काळ्या फायरमनला पाण्याच्या टाकीपाशी कुणीतरी शेतातून गोळी घातली. पकडलं कुणालाच नाही.

"सोड ती नोकरी," आयझमची बायको ल्युवेनिया म्हणाली.

"सोडून काय करू? सरकारी पिठाच्या रांगेत उभा राहू? आधी गोऱ्यांना वाटतात. आपला नंबर येईपर्यंत पोतं झटकून ठेवलेलं असतं."

"आणि विधवेला पुढचा नंबर देतात का रे?"

आयझमने नोकरी सोडली नाही. पण त्याने एक गोष्ट हेरली होती. आमची गाडी टाकीजवळ तिन्हीसांजेला पोचे. अंधारात फायरमन दिसत नाही. पण भट्टीचं दार उघडलं की लाल उजेड थेट त्याच्या तोंडावर येतो. म्हणून तो टाकीआधीच्या पुलाच्या अलीकडेच भट्टी गच्च भरून घेई आणि पुढचे तीन मैल दाराला हात लावत नसे. मला छातीशी धरून खाली बसून राही. मग चढावर वाफ कमी पडे, गाडीला उशीर होई. ऑफिसातून दोनदा ताकीद आली. तिसऱ्या उशिराला नोकरी जाणार होती.

"साहेब, खरं कारण सांगा ना ऑफिसात," त्याने ड्रायव्हर हॅलबर्टला विनवलं.

हॅलबर्ट वयाने त्याच्याहून लहान, तरी त्याला 'पोरा' म्हणे. "पोरा, मलाही याच गावात राहायचंय. चर्चमध्ये त्यांच्याच बाकावर बसतो मी."

म्हणजे ते कोण, हे त्याला ठाऊक होतं.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी चढावर वाफेचा काटा भराभर खाली आला.

"कोळसा टाक," हॅलबर्ट म्हणाला.

"टाकीजवळचं एवढं वळण जाऊ द्या, साहेब."

"वळणावरच गाडी उभी राहील. तिसरी वेळ आहे तुझी. टाक!"

आयझमने टोपी कपाळावर ओढली आणि दार उघडलं. तीन वेळा मी आत जाऊन आलो. चौथ्यांदा कोळसा माझ्यावर होता, शेतातून बार झाला, आणि मला धरणारे हात सुटले.

चार दिवसांनी त्या जागेवर एक गोरा तरुण आला. त्या तीन मैलांबद्दल त्याला कुणी काही सांगितलं नाही. त्याच वळणावर, त्याच वेळी, त्याने शीळ घालत भट्टी सताड उघडली. तोच लाल उजेड त्याच्या तोंडावर पडला. शेतात पानही हललं नाही. हॅलबर्ट खिडकीबाहेर बघत राहिला.

"हे फावडं वाकडं आहे," म्हणून त्या तरुणाने आठवड्यातच मला भंगारात टाकलं. तिथून ल्युवेनियाने मला मागून घेतलं. आता मी तिच्या लोखंडी चुलीतली राख काढतो. तिचा हात माझ्यावरच्या झिजलेल्या जागीच पडतो.

रोज तिन्हीसांजेला ती चुलीचं दार उघडते. उजेड तिच्या तोंडावर येतो, आणि मला ओरडावंसं वाटतं, बाई, आधी खिडकी लाव!

माझं एक ऐका. कधी त्या घरावरून गेलात आणि खिडकीत तिचा उजेडातला चेहरा दिसला, तर अंधारात न बोलता उभे राहू नका; गोळी घालणारे तसे उभे राहतात. लांबूनच हाक मारा, आपलं नाव सांगा.