क्लचखालचा पत्रा

शनिवारपासून रझियाच्या अंगात वारं शिरलं होतं. दहावीचं भूमितीचं पुस्तक उघडायचं, एक पान उलटायचं आणि पुन्हा दारात येऊन उभं राहायचं. दाराबाहेर, वारज्याच्या त्या अरुंद गल्लीत अब्बांची जुनी व्हॅन होती, आणि व्हॅनमध्ये रझियानं स्वतःच्या हातानं ठोकलेला नवा पत्रा होता. शाळेच्या प्रदर्शनात बक्षीस मिळाल्यापासून पोरीला सगळंच आपल्याला जमेल असं वाटायला लागलं होतं. बरंचसं जमतही होतं, हीच पंचाईत.

दुखणं जुनंच. तिचे अब्बा, जब्बारभाई, मंडईत पालेभाजी विकायचे. मेथी-कोथिंबीर कोमेजू नये म्हणून गाडीत कायम ओली गोणपाटं अंथरायची, ही त्यांची वीस वर्षांची रीत. भाजी टवटवीत राहिली आणि गाडी सडली. ब्रेक मारला की गोणपाटांचं पाणी पुढे वाहत ड्रायव्हरच्या पायाशी साचायचं. गेल्या आठवड्यात रझियानं तिथलं रबरी मॅट उचललं, तर खालचा पत्रा पापडासारखा मोडला आणि भोकातून रस्ता दिसला.

"हवा छान येते," अब्बा म्हणाले होते. "एसी म्हणायचं."

पण सोमवारी गाडीचं पासिंग होतं, आणि असला एसी बघून कुणी गाडी पास करत नाही. इकडे गावातले सर्जेराव टपूनच होते. चाकं काढून त्यांना गाडीचा कोंबड्यांचा खुराडा करायचा होता. गाडी गेली की मंडईतली जागाही सुटणार, आणि अब्बा कोथरूडच्या एका दुकानमालकाची गाडी चालवणार. अब्बा कुणासाठी तरी दार उघडून उभे आहेत, असं चित्र डोळ्यांसमोर आलं की रझियाला बसवत नसे.

म्हणून शनिवारी ती कामाला लागली. गंज तारेच्या ब्रशनं खरवडला, सडका भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापला. नवा पत्रा लवतोय असं वाटलं, म्हणून दुहेरी घेतला. त्यावर प्लायवुड ठोकलं आणि वर लाल प्रायमरचा जाड हात मारला. क्लचचं पेडल खुळखुळत होतं, त्याची पिन काढून तिच्याभोवतीचं झिजलेलं बुश बदललं, ग्रीस भरलं. अब्बांनी अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवलं. "बघा, माझी इंजिनियर."

रविवारी सकाळी अब्बांनी गाडी चालू केली आणि गिअर टाकला. खर्रर्र. पुन्हा टाकला. पुन्हा खर्रर्र.

"क्लच प्लेट गेली," ते म्हणाले. त्यांनी इंजिन बंद केलं. "एक झाकलं की दुसरं उघडं पडतं, बेटा. तू पुष्कळ केलंस. आता बस." आणि त्यांनी सर्जेरावांना फोन लावला.

सर्जेराव चारला येणार होते. रझियाला ना जेवण गेलं, ना भूमिती. ती गाडीभोवती घिरट्या घालत राहिली. शुक्रवारपर्यंत गिअर नीट पडत होते. मग एका दिवसात प्लेट जाते कशी? एका दिवसात बदललं काय?

तिनं दार उघडलं, खाली वाकून पेडल हातानं दाबलं. खाली, खाली, आणि टक्. मोबाइलचा उजेड पेडलच्या मागच्या बाजूला टाकला. काळ्या लोखंडावर लाल डाग होता. तिचाच प्रायमर. दुहेरी पत्रा, वर प्लायवुड. पेडल शेवटची दोन बोटं खाली जाणार कुठे? क्लच पुरता सुटतच नव्हता.

रंग अजून ओलसर होता. तिनं अंगठ्यानं थोडा डाग पुसला. सगळा पुसला की झालं. प्लेट गेली म्हणून गाडी गेली, पोरीनं काम मात्र झकास केलं होतं, असंच गल्लीत राहिलं असतं.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सर्जेराव आले होते. हातात चहाचा कप, नजर गाडीवर.

"दारं नीट लागत्यात का, जब्बारभाई? आमच्याकडं मुंगसाचा लई तरास हाय."

"लागतात," अब्बा म्हणाले.

"काका, गाडी विकायची नाही," रझिया म्हणाली.

"रझिया, आत जा."

"अब्बा, प्लेट गेलेली नाही. माझा पत्रा आडवा येतोय. हे बघा." तिनं लाल अंगठा पुढे केला. "पेडल पूर्ण दाबलंच जात नाही. चूक माझी आहे."

सर्जेरावांनी चहाचा घोट घेतला. "म्हंजी गाडी बरी व्हती, पोरीनं बिघडवली."

"हो," रझिया म्हणाली. प्रदर्शनात परीक्षकांसमोर तिनं दहा मिनिटं भाषण ठोकलं होतं. हे एक अक्षर त्याहून जड गेलं.

अब्बांनी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "मग बघतेस काय? छिन्नी आण."

रिव्हेट उडवले, प्लायवुड उपटलं, लाल रंगाचे टवके उडाले. अब्बा बॅटरीचा उजेड धरून रस्त्यावर आडवे झाले. या वेळी एकच पत्रा, आणि लवू नये म्हणून त्याला खालून लोखंडी पट्ट्या. दिसायला गोधडीचं ठिगळ. सर्जेरावांनी खुर्ची वळवून घेतली आणि फुकटचा सल्ला चालू ठेवला.

दिवस कलला तेव्हा रझियानं आधी ब्रेक दाबून पाहिला, मग क्लच. टक् झालं नाही. अब्बांनी गिअर टाकला. पडला, हूं की चूं नाही.

"चला सर्जेराव, घरापर्यंत सोडतो."

सर्जेराव चढले खरे, पण पाय वर घेऊन बसले. "पासिंग न्हाई झालं तर कोंबड्या वाट बघत्यात, एवढं ध्यानात ठिवा."

"बघू द्या," अब्बा म्हणाले.

रझियानं मागून ओली गोणपाटं ओढून काढली. "उद्यापासून ही गाडीत नाहीत."

"मेथी सुकेल."

"प्लास्टिकचे क्रेट घेऊ."

"त्यांना भोकं असतात, पाणी गळतं."

रझिया थबकली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. "खाली ट्रे ठेवू," ती म्हणाली, आणि गाडी हलायच्या आत उडी मारून मागे चढली.