उजवा अंगठा

कमलेशने तिचा उजवा हात टेबलावर असा आपटला की शाईच्या पॅडचं झाकण उडून भिंतीवर गेलं.

"लाव अंगठा."

"सोड मला! पोटुशी बाई आहे मी!"

"म्हणूनच सांगतोय ना. घरी जाऊन झोप. असलं पोट घेऊन इथे गोण्या कोण उचलणार, तुझा बाप?"

शेवंतीला पाचवा महिना लागला होता. आंबिवलीहून डोंबिवलीच्या या रंगाच्या कारखान्यात ती नऊ वर्षं पॅकिंगला येत होती. त्या सकाळीच तिने डॉक्टरची चिठ्ठी जोडून बाळंतपणाच्या रजेचा अर्ज दिला होता, आपल्या प्रतीवर पोच घेतली होती. आणि दुपारी हा आठ दिवसांपूर्वी आलेला सुपरवायझर टाईप केलेला कागद घेऊन उभा! 'मी स्वखुशीने काम सोडत आहे.' गरोदर बाईला कामावरून काढता येत नाही, एवढा कायदा त्याला पाठ होता. म्हणूनच तिने 'स्वखुशीने' जायला हवं होतं.

तिने मूठ आवळली. त्याने एकेक बोट उपसून काढलं आणि अंगठा मागे रेटला. काडकन आवाज झाला. तो लोंबता अंगठा त्याने शाईत बुडवून कागदावर दाबला. शेवंतीने पोट भिंतीकडे वळवलं, लाथ बसायची ती पाठीत बसू दे म्हणून. पाठीतच बसली. विठ्ठला, एवढं लेकरू सांभाळ रे बाबा!

केबिनला बाहेरून कडी होती. कमलेशच्या हुकमावरून ती घातली होती सहदेवकाकांनी.

काका गेटवरचे वॉचमन. आंबिवलीच्या देवळात सप्ताह बसला की कीर्तनकाराच्या मागे टाळ घेऊन उभे राहायचे. शेवंती शाळेत कधी गेली नाही. भजनाच्या वहीवर तिचं बोट ठेवून काकांनीच तिला अक्षरं दाखवली होती. आपलं नाव तिने पहिल्यांदा लिहिलं ते खडूने, देवळाच्या फरशीवर. आणि त्याच काकांनी तिची किंकाळी ऐकली, पण नोकरीच्या भीतीने कडी काढली नाही.

शेवंतीने कामगार कार्यालयात तक्रार केली. पहिल्या तारखेला कंपनीकडून कुणी फिरकलंच नाही. दुसऱ्या तारखेला वकिलाने मुदत मागितली. तिसऱ्या तारखेपर्यंत शेवंतीचा अंगठा वाकडाच जुळला आणि पोट सातव्या महिन्याचं झालं. त्या दिवशी कमलेश स्वतः आला.

"राजीखुशीने अंगठा दिलाय, मॅडम. अडाणी बाई आहे, कुणीतरी फितवलंय."

अधिकारी संचिता मॅडमनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "रजेच्या अर्जावर सही आहे. तुमच्याच ऑफिसची पोच, सकाळी अकराची. राजीनामा त्याच दुपारचा, त्यावर अंगठा. दोन तासांत बाई सही विसरली?"

"असल्या बायकांना कुठे..." कमलेश बोलून गेला आणि थांबला.

"असल्या म्हणजे कसल्या?"

त्याने तिचे रंगाने माखलेले हात पाहिले होते, विटलेलं लुगडं पाहिलं होतं. सही येते का, हे विचारावंसंच त्याला वाटलं नव्हतं.

"कडी मी घातली होती, मॅडम," मागून काका उठले. "हाड मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. लिहून घ्या."

काकांची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. आठवड्याने कामगार कार्यालयाचा कागद आला, शेवंतीला कामावर घ्या. त्या सकाळी काका तिच्यासोबत गेटवर आले.

कमलेशने कागद वाचला, चुरगाळला आणि खाली टाकला. "ए म्हाताऱ्या, बाजूला हो. हिला आत घेत नाय मी."

"हजेरीवर सही करू दे तिला."

कमलेशने गेटचा लोखंडी अडसर उपसला आणि शेवंतीवर उगारला. काका मध्ये आले. अडसर कपाळावर बसला. काका गुडघ्यावर आले. रक्त डोळ्यांत, मिशीत, सदऱ्यावर. दुसरा घाव पडण्याआधी पॅकिंगच्या आठ-दहा बाया धावून आल्या. त्यांनी कमलेशला केसांना धरून खाली पाडलं, अडसर हिसकावला आणि पोलीस येईपर्यंत त्याच्या छातीवरून उठल्या नाहीत.

शेवंती काकांपाशी खाली बसली, पदर त्यांच्या कपाळावर दाबू लागली. त्यांनी तिचा हात बाजूला सारला.

"आधी सही."

कुणीतरी हजेरीचं बुक समोर धरलं. अंगठा वळत नव्हता. तिने पेन दोन बोटांच्या बेचक्यात धरलं आणि एकेक अक्षर ओढलं. कागदावर काकांच्या रक्ताचा डाग पडला होता, त्याच्या बाजूने.

काका एका डोळ्याने बघत होते.

"वेलांटी पुरी कर, पोरी."

तिने ती पुरी केली.