खारी म्हणून नोंदलेली विहीर

चार ताटल्या, मूठमूठ चिंचोके.

उरणकडून आलेली पांढरी गाडी. दारावर कुणाचंच नाव नाही.

बांधाला पडलेली खांड, तिच्यात कोंबलेल्या गोण्या, पलीकडे खाडी.

टँकर आठवड्यातून एकदा.

हे सगळं एका दुपारी समाजमंदिराच्या सतरंजीवर आलं. सुश्रुत नावाचा अभ्यासक जिल्ह्याच्या पाण्याची आखणी करायला निघाला होता. पिणं, भात, मिठागरं, कारखाने; आधी पाणी कुणाला, ते लोकांनी चिंचोके टाकून सांगायचं, बाकीचं कॉम्प्युटर ठरवणार. बायकांनी टाकले, पण एकमेकींच्या हाताकडे बघत.

मग गावच्या विहिरीचा रकाना आला. पाणी गोडं की खारं?

उत्तर आदल्या दिवशीच ठरलं होतं. मागे एका सर्वेक्षणात शेजारच्या गावाने आपली विहीर गोडी असल्याचं खरं सांगितलं आणि नळाच्या यादीतून त्याचं नाव गेलं. तेव्हापासून विचारणारा कुणीही असो, गावात ज्यांचा शब्द चालायचा त्या अंबाजीकाकांचा हुकूम एकच. खारी.

पंचायत सदस्य म्हणून सही क्रांतीची लागणार होती. तिने पेन उचललं आणि परत ठेवलं.

"खारी लिहिली तर पुढं काय होतं?"

"नळासाठी तुमचा नंबर वर येतो, ताई," सुश्रुत म्हणाला. "बांधाच्या दुरुस्तीत मात्र खाली जातो. जिथे गोडं पाणी वाचवायचंय, तिथले बांध आधी."

गोडी सांगावी तर नळ जाणार, खारी सांगावी तर बांध. आणि बांध फुटला की एका उधाणात विहीर खरोखरच खारी. हा माणूस एवढं उघड का सांगतोय, तेच क्रांतीला कळेना. भला असेल. नाहीतर आपल्या तोंडून गोडी वदवून घ्यायचा डाव असेल. तिने त्याच्या चेहऱ्यावर शोधलं. तिथे नुसता घाम होता.

"गावात गोडं पाणी कुठंच नाही?" त्याने पुन्हा विचारलं, तेही काकांकडे बघत.

"न्हाय हो साहेब. गुरं पन तोंड लावत न्हाईत," अंबाजीकाका म्हणाले. "कर गो सही. पावन्यांना लांब जायचं हाय."

बायकांत बसलेल्या सोनूबाईने हसू दाबायला पदर तोंडाशी नेला. क्रांतीने सही केली. सुश्रुतने तिच्यादेखत दुरुस्तीच्या यादीत वर असलेल्या त्यांच्या बांधावर काट मारली, तो तळाशी लिहिला आणि गाडीत जाऊन बसला.

पाहुणे आले तेव्हा क्रांतीने त्याच विहिरीच्या पाण्याचा चहा केला होता. सुश्रुतने दोन कप घेतले होते.