थोमाचा हात

गेला आठवडाभर थोमाचा हात माझ्या डोक्यावर बसला होता.

चर्चसाठी चित्र काढत होते. मरणातून उठलेला ख्रिस्त शिष्यांच्या बंद खोलीत येऊन उभा आहे, आणि ज्याला ते खरंच वाटत नाही त्या थोमाला म्हणतोय, ये, कुशीतल्या जखमेला हात लावून बघ. बाकी सगळं जमलं. भिंत जमली, दिवा जमला, ख्रिस्ताचा चेहरा तर मी न ठरवताच आला. या थोमाबाबाचा हात तेवढा जमेना. बोट पुढे केलं की तो बाजारात भाजी दाबून बघणाऱ्या गिऱ्हाईकासारखा दिसायचा. खरवडून टाकायचे, पुन्हा रंगवायचे, पुन्हा तोच चोंबडेपणा. उद्या फादर चित्र न्यायला येणार आणि हाताच्या जागी नुसता डाग!

खरं सांगायचं तर माझं लक्षच थाऱ्यावर नव्हतं. नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून घरात कोणी परकंच माणूस राहत होतं. तसे ते शिंपी. "जन्मभर लोकांच्या कपड्यांना टाके घातले, आता आपली पाळी," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायचे. पण गळ्यापर्यंत बटणं लावून. कपडे बदलायचे ते दार लावून. झोपायचे पुढच्या खोलीत, शिलाई मशीनशेजारी, "तुझी झोपमोड नको" म्हणत. ती छाती मी एकदाही पाहिली नव्हती. ज्या माणसाला मी पावलांच्या आवाजावरून ओळखते, त्याच्या अंगाला हात लावायची मला चोरी! ते गेले असते तर मी रडून मोकळी तरी झाले असते. जिवंत होते, घरात होते, आणि मला मिळत नव्हते.

रंगवायला बसण्याआधी मी प्रार्थना करते. माझी प्रार्थना म्हणजे अर्धी विनवणी, अर्धं भांडण. चित्र कुठे अडलंय ते मला बहुतेक तिथेच कळतं.

त्या दुपारी मागच्या खोलीची कडी लावली आणि जवसाच्या तेलात निळा रंग कालवला, हात माखेपर्यंत. पडद्यातून गाळून आलेला उजेड जमिनीवर दुधासारखा सांडला होता. तेलाच्या वासाने डोळे जड झाले. बसल्या बसल्या खोली हळूहळू मोठी होत गेली. चित्रातली भिंत आणि माझी भिंत एक झाली. दिवा चित्रात जळत होता की माझ्या टेबलावर, सांगता येईना. शिष्य कोपऱ्यात हलक्या आवाजात बोलत होते. मीही त्यांच्यातच कुठेतरी जमिनीवर बसले होते, आणि मला त्याचं काही नवल वाटत नव्हतं.

"प्रभू," मी म्हणाले, आणि मोठ्यानेच म्हणाले असणार, "मरण जिंकून आलास, मग या जखमा बुजवून यायला तुला काय जड होतं? पण नाही बुजवल्यास. आपल्या माणसांना ओळख पटावी म्हणून तशाच ठेवल्यास, वर दाखवल्यास. आणि आमचे हे बघ! एक टाका दिसू देतील तर शपथ. तुझं ऐकतील, त्यांना सांग ना रे. मला माझा माणूस परत हवाय."

उजेड जरा सरकला. मान वर केली तर समोर नवरा उभा. कडी लावलेली असताना आत आले कसे? मी लावलीच नव्हती की काय, देव जाणे. हातातला चहाचा कप त्यांनी स्टुलावर ठेवला आणि सदऱ्याचं वरचं बटण काढलं. मग त्याखालचं. सुईत एका फटक्यात दोरा ओवणारी ती बोटं पुढच्या बटणाशी अडली.

"अहो, काय करताय?"

"तक्रार केलीस ना माझी? तीही थेट वरपर्यंत!" हसायला गेले, पण जमलं नाही. "मला वाटायचं, तू बघशील आणि रडशील. मग मी कोणापुढे ठणठणीत असल्याचं सोंग करू?"

सदरा बाजूला झाला. छातीच्या मधोमध वरून खालपर्यंत गुलाबी, चकचकीत रेघ.

मी हात पुढे केला आणि तो अधांतरीच थांबला. दुखलं तर?

आणि अगं बाई, थोमा मला तिथे सापडला! एवढे दिवस मी त्याला खात्री करून घ्यायला पाठवत होते. तो तर घाबरला होता, आपल्या माणसाला आणखी दुखेल म्हणून. असा माणूस बोट खुपसत नाही. तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तो अख्खा तळहात ठेवेल, तोही टेकवू की नको करत.

"ठेव," ते म्हणाले. "आता नाही दुखत."

मी तळहात ठेवला. आतली धडधड थेट माझ्या हातात आली, चांगली दणदणीत. मी भोकाडच पसरलं. त्यांचेही डोळे वाहायला लागले, आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

मग खाली छातीकडे बघून म्हणाले, "अगं, सगळा निळा रंग फासलास मला. आणि उद्या फादर येणार आहेत. मिळाला ना तुझा हात? मग रंगव की."

"रंगवते," मी म्हटलं. "फादर थांबतील थोडे. तुम्ही हलू नका."