मोठ्यांचं जहाज

जहाजावर एकही पोर नको, ही ताईची पहिली अट होती आणि शेवटचीही. जहाज कुठे जातं, किती दिवस जातं, त्यावर जेवायला काय मिळतं, कशाशी तिला देणंघेणं नव्हतं. "समुद्र कुठलाही चालेल," ती म्हणाली, "फक्त कोणी 'माझी चड्डी ओली झाली' असं सांगायला येता कामा नये."

तिचं काही चूक नव्हतं. माझी ताई राहत्या घरातच पाळणाघर चालवते. पुढच्या खोलीत सकाळी सातपासून अकरा पोरं आणि मागच्या खोलीत बाबा. पोरं संध्याकाळी आपापल्या घरी जातात, बाबा कुठे जाणार? आई गेली त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून ताईने एक रात्र घराबाहेर काढलेली नाही. मी धाकटी. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला नवऱ्याबरोबर राहते, चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवते, आणि दर रविवारी सफरचंदांची पिशवी घेऊन बाबांकडे जाते आणि ताईला चार सल्ले देऊन परत येते. हे माझं मी म्हणते, दुसरं कोणी म्हणालं तर माझं डोकं फिरतं.

तर गोष्ट अशी, की गेल्या वर्षी डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाजूला घेतलं आणि सांगितलं, "सहा महिने. फार तर आठ." ताईने मान हलवली. एखाद्या पोराच्या आईने 'आज जरा सर्दी आहे हं' म्हटल्यावर हलवते, तशीच. मी मात्र भिंतीला टेकून रडले. आणि त्याच रविवारी, अगदी त्याच, मी जहाजांच्या सहलींची तीन रंगीत पुस्तकं घेऊन तिच्या स्वयंपाकघरात हजर झाले.

माझ्या मनात पाप नव्हतं हो. मला तिची कीव आली होती. नऊ वर्षं ती 'कधीतरी समुद्रावर जाऊ' म्हणत होती आणि मी 'जाऊ की' म्हणत होते. पहिल्या पुस्तकातल्या जहाजावर घसरगुंड्या होत्या, ते तिने न उघडताच उलटं ठेवलं. दुसऱ्यावर 'संपूर्ण कुटुंबासाठी' असं लिहिलेलं, ते तर तिने टेबलावरून ढकलूनच दिलं. तिसरं जहाज फक्त अठरा वर्षांवरच्या माणसांसाठी होतं. वाचनालय, गरम पाण्याचा तलाव, डेकवर लांब खुर्च्या आणि त्यांत पुस्तक तोंडावर टाकून झोपलेली माणसं. ताई त्या झोपलेल्या माणसांकडे इतका वेळ बघत राहिली, की चहा गार झाला.

मग तारखा. एक सहल चार महिन्यांनी निघत होती, एक सात महिन्यांनी आणि एक दहा महिन्यांनी. ताईने पहिल्या तारखेवर बोट ठेवलं आणि उचललं. दुसऱ्या तारखेवर ठेवलं, जरा थांबली, मग तेही उचललं. तिसऱ्या तारखेवर बोट स्थिर राहिलं. "तोपर्यंत..." ती म्हणाली.

"तोपर्यंत सगळं आटोपलेलं असेल," मी म्हणाले.

काय आटोपलेलं असेल, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मागच्या खोलीतून बाबा खोकले, तशी ती उठून आत गेली.

बुकिंगच्या ऑफिसात काचेच्या टेबलामागे एक तरतरीत मुलगी होती. ताईची शाळेपासूनची मैत्रीण, जिला आम्ही सुईदोरा म्हणतो कारण ती शिवणकाम करते, ती तेवढा वेळ बाबांजवळ बसायला आली होती. आम्ही केबिनचा वर्ग ठरवला, जेवणाची वेळ ठरवली. मग प्रवासाच्या विम्याचा फॉर्म आला. त्यात जवळच्या नातेवाइकांची यादी होती. आई, वडील, नवरा वगैरे, आणि प्रत्येकापुढे तीन चौकोन: हयात, हयात पण गंभीर आजारी, हयात नाहीत.

"कोणी गंभीर आजारी असेल तर त्यांच्या डॉक्टरांचं पत्र जोडावं लागेल," ती मुलगी म्हणाली. "त्यात सहलीची तारीख लिहून घ्या, म्हणजे झालं."

म्हणजे मी त्या डॉक्टरांपुढे जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, तुम्ही आठ महिने म्हणालात ना, मग आम्ही दहा महिन्यांनंतरचं जहाज ठरवलंय, तसं लिहून द्या. कुठल्या तोंडाने? ताई तेव्हा बाहेर सुईदोऱ्याचा फोन घ्यायला गेली होती. आईपुढे मी 'हयात नाहीत' वर खूण केली. आणि पेन तसंच एक ओळ खाली सरकवून वडिलांपुढेही केली.

झालं. दोन सेकंदांचं काम. हात कापला नाही की काही नाही. त्या दिवशी तरी जहाज सुटेपर्यंत ते खरंच होणार आहे, अशी मी माझी समजूत घातली. ताई आत आली, शेवटच्या पानावर आम्ही दोघींनी सह्या केल्या आणि बसस्टॉपकडे पळालो, कारण बाबांच्या औषधाची वेळ झाली होती.

आणि बाबा बरे व्हायला लागले.

बरे म्हणजे पूर्ण बरे नाहीत. पण नवं औषध लागू पडलं. आधी अर्धी वाटी सूप जायचं, मग पूर्ण वाटी जायला लागली, मग एके दिवशी त्यांनी ताईकडे उकडलेलं अंडं मागितलं. सहावा महिना गेला. आठव्या महिन्यात ते काठी टेकत पुढच्या खोलीत आले आणि पोरांमध्ये खुर्ची टाकून बसले. डॉक्टर म्हणाले, "कमाल आहे!" मीही म्हणाले, "कमाल आहे." म्हणताना गालांवर हसू आणलं होतं, ते मला अजून आठवतं आणि माझी मलाच शिसारी येते.

त्यातच त्यांना ते तिसरं पुस्तक सापडलं. बाबा कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, चाळीस वर्षं यंत्रांचे आणि इमारतींचे नकाशे काढले. जहाजाच्या मजल्यांचा घडीचा नकाशा बघून त्यांच्या अंगात वारं संचारलं. पट्टी मागितली, माझ्याकडून दुकानातलं भिंग मागवलं.

"हे 'फक्त मोठ्यांसाठी' म्हणजे काय गं?" भिंगातून डोळा वर करत त्यांनी मला विचारलं. "तिथे चालतं तरी काय?"

"काही नाही बाबा, झोपतात लोक."

"मग तसं लिहा ना स्पष्ट!" म्हणाले आणि पुन्हा नकाशात घुसले.

आम्ही कधीतरी जाणार आहोत, नुसता विचार चाललाय, असं आम्ही त्यांना सांगितलं होतं. त्यांनी तेवढ्यावर आख्खं जहाज तपासलं. ही केबिन नको, वर नाचाचा हॉल आहे, रात्रभर डोक्यावर पाय आपटतील. ही नको, लिफ्ट शेजारी आहे. खालच्या मजल्यावर मधोमध घ्या, तिथे सगळ्यांत कमी हलतं. एवढा उत्साह मी त्यांच्यात आई होती तेव्हा शेवटचा पाहिला असेल. त्यांचा प्रत्येक 'ही नको' ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

जहाज सुटायला दोन महिने उरले तेव्हा ताईने स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता सांगून टाकलं. "रद्द करू आपण. बाबांना टाकून कशी येऊ मी?"

आणि मी भडकले. का भडकले, कोणावर भडकले, देव जाणे. "नऊ वर्षं झाली ताई! तुझी पाठ बघ, तुझे हात बघ! आणि आठ महिने म्हणाले होते ना ते डॉक्टर? आठ!"

कोणी आम्हाला फसवलं असावं अशा सुरात मी ते 'आठ' म्हणाले. ताईच्या हातातला फडका थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, आणि स्वयंपाकघराचं दार हळूच लोटून घेतलं. आतल्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून. माझे वडील जिवंत होते आणि मी त्याची तक्रार करत होते. याहून वाईट मी आयुष्यात काही बोललेले नाही.

पुढच्या रविवारी गेले तर बाबा पलंगावर उशीला टेकून बसलेले आणि मांडीवर निळी फाइल. बुकिंगची. ताई म्हणाली, "रद्द करायला काढून ठेवली होती मी, तर म्हणे केबिनचा नंबर बघू दे." बाबांनी तिला औषधाच्या दुकानात पिटाळलं. बाहेरचं दार वाजेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

मग त्यांनी फॉर्म काढला आणि त्या ओळीवर पट्टी धरली. "ही खूण तुझी ना?"

"हो."

"मी त्या आठवड्यात याच पलंगावर होतो. बुकिंगची तारीख बघितली मी."

एकदम सगळं बाहेर पडलं, रडू, नाक, सगळं. "बाबा, मला डॉक्टरांकडे पत्र मागायची लाज वाटली हो. मला तुम्ही जायला नको होतात. पण मी दिवस मोजत होते. दोन्ही खरं आहे."

त्यांनी मला रडू दिलं. जवळ घेतलं नाही, तेही सांगते. पट्टी फाइलमध्ये ठेवली आणि म्हणाले, "अंदाज तुमचा बरोबर होता. माझंच काम लांबलं."

"असं नका ना बोलू!"

"मग कसं बोलू? चूक झाली की ती नीट करायची. पत्र मी मागतो डॉक्टरांकडे, माझं मी. मला नाही लाज वाटत." मग त्यांनी आवाज खाली आणला. "हिने वाचलंय का हे?"

"नाही. ती फोनवर होती तेव्हा."

"मग तिला सांगू नकोस. हे कळलं तर ती या उंबऱ्याबाहेर पाय ठेवायची नाही. आणि आता ऐक. ती जहाजावर जाणार. तिच्याबरोबर सुईदोरा जाईल. महिनाभर आधी कळवलं तर एक नाव बदलता येतं, मागच्या पानावर बारीक अक्षरात आहे. तू इथे राहायचंस. दहा दिवस. पाळणाघर बंद ठेवू." ते थांबले. "का तुझं आणखी काही ठरलंय?"

मी नाही म्हणाले. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. दहा दिवस त्या माणसासमोर बसायचं, ज्याच्यापुढे मी तशी खूण केली होती! पण 'काही ठरलेलं नाही' असंच म्हणाले.

ताई तयार व्हायला तीन आठवडे लागले. बाबा रुसले, दोन दिवस अंडं खाईनात, तेव्हा कुठे तिने बॅग काढली. निघताना तिने मला औषधांची यादी तीनदा समजावली आणि टॅक्सीत बसल्यावर काच खाली करून चौथ्यांदा.

पहिले चार दिवस आम्ही दोघं जपून वागलो. मी विचारायची, "पाणी देऊ?" ते म्हणायचे, "दे." नऊ वर्षांत मला एवढंही माहीत नव्हतं, की ते पाणी कोमट पितात. औषध दिलं की ते डोळे मिटून 'ठीक' म्हणतात. आंघोळीला हात धरावा लागतो, तेव्हा भिंतीकडे बघून काहीतरी जुन्या कारखान्याचं बोलतात, म्हणजे दोघांनाही अवघडल्यासारखं होत नाही. ताईला हे सगळं पाठ असणार. मी पाठ करत होते.

पाचव्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. जहाज कुठल्याशा बंदराला लागलं होतं. ती हसत होती, सुईदोऱ्याने टोपी समुद्रात घालवली होती, आणि ताई काल सलग तीन तास डेकवर झोपली होती, तोंडावर पुस्तक टाकून. मग तिचा आवाज बदलला.

"एक सांगू? रागावू नकोस. इथे इतकं शांत आहे ना, की राहवत नाही. त्या फॉर्मवर तू बाबांपुढे जी खूण केलीस, ती मी वाचली होती. सही करायच्या आधी. वाचली आणि सही केली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतेयस ना? मी त्याच दिवशी तुला थांबवायला हवं होतं. मी मोठी आहे. पण मला जायचं होतं गं. इतकं जायचं होतं, की मी सही केली."

बाबा समोरच्या खुर्चीत होते. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि भुवई उंचावली. मी फोनवर तळवा धरला. काहीतरी खोटं सांगायला तोंड उघडलं.

"सहीचं सांगतेय ना?" बाबाच म्हणाले.

"तुम्हाला कसं..."

"अगं, ती बाई खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचते. पोराच्या डब्यावरचं नाव दोनदा वाचते. ती न वाचता सही करेल?"

"मग मला कशाला म्हणालात, तिला सांगू नकोस म्हणून?"

"मला माहीत आहे हे तिला कळलं असतं, तर ती गेली असती का?" त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. "वाईट वाटलं मला. खूप वाटलं. दोघींच्या सह्या बघून. पण तिला झोप हवी होती."

तळव्याखाली ताई 'हॅलो, हॅलो' करत होती. मी फोन कानाला लावला.

"आहे गं," मी म्हणाले. "दोघंही आहोत. तू ये सावकाश."