पाचवा चौकोन

मुलांनो, हे वाचत असाल तिथंच क्षणभर उकिडवे बसा. एक पाय थोडा पुढे, हातांची बोटं जमिनीला टेकलेली. आता असं समजा, की तुमच्या पाठीमागून कोणीतरी धावत येतंय. त्याच्या धापा ऐकू येतात, धूळ नाकात जाते, पण तुम्ही जागा सोडायची नाही. पाठीवर हात पडला, "खो!" ऐकू आलं, की मगच उठायचं. तो हात आत्ता येईल, मग येईल. आणि वर्षभर आलाच नाही तर?

अकोटच्या पुढे एका गावात सहावीतली प्रियदर्शनी अशी बसायची. मैदानात नाही, घरच्या अंगणात, एकटी.

"काय करून राहिली वो तिथं?" तिची आई, मैना, आतून विचारायची.

"काही नाही."

"मंग घरात ये. ऊन लागन."

मागच्या वर्षी शाळेत खो-खो खेळताना प्रियदर्शनी एकदम कोसळली होती. अंग ताठ झालं, हातपाय झटके देऊ लागले. तिला फिट आली होती. तिला वाचवायला सगळेच धावले आणि सगळेच चुकले. कोणी तिचे पाय दाबून धरले, कोणी दातांत चमचा घातला. तिची जिवाभावाची मैत्रीण वर्षाली हिने पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. फिट आली की चप्पल हुंगवायची, एवढंच तिने घरी पाहिलं होतं. झटके थांबायचे तेव्हा आपले आपण थांबले, पण चमच्यामुळे प्रियदर्शनीचा पुढचा दात तुटला. मैना अंगणवाडीत मदतनीस आहे. खिचडीचा झारा हातात घेऊनच ती धावत आली, तेव्हा लेकीच्या तोंडातून रक्त येत होतं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. एकही गोळी चुकवायची नाही, आणि खेळायला हरकत नाही, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहूनही दिलं. नंतर एकदाही फिट आली नाही. पण मैनाच्या डोळ्यांपुढून ते रक्त जात नव्हतं. तिने खेळ बंद केला तो केलाच. मुलंही बिचकली. वर्षाली तर बाकावर शेजारी बसेना. भांडण नव्हतं, तिला भीती वाटायची. प्रियदर्शनीला फिटेपेक्षा ते जास्त दुखायचं.

यंदा अमरावतीहून खेळ शिकवायला गीतांजली मॅडम आल्या. त्यांनी सराव दुपारचा काढून सकाळी सातला ठेवला. आधी अंग मोकळं करायचं, दर वीस मिनिटांनी पाणी प्यायचं. दोन्ही खांबांना जुन्या गाद्या गुंडाळल्या. प्रियदर्शनीच्या हातात त्यांनी वेळ मोजायचं घड्याळ दिलं. तिने पंधरा दिवस ते इमानदारीने सांभाळलं. सोळाव्या दिवशी म्हणाली, "मॅडम, मले घड्याळ नोको. मले चौकोन पायजे."

"आई हो म्हणते का?"

"नाही म्हनते."

"मग आधी नुसती चाल. मैदानाला रोज चार फेऱ्या. वर्षभर बसून दम गेलाय तुझा."

पहिल्या दिवशी दोन फेऱ्यांतच तिला धाप लागली. महिनाभराने ती इतक्या झपाट्याने चालायला लागली, की सोबत राहायचं तर सागरला पळावं लागायचं. "ए पाह्य, हे चालनं नाही," तो धापा टाकत म्हणायचा, "हे मॅडमले फसवनं आहे!"

रोज सरावानंतर मॅडम एकाला फिट आल्यासारखं खाली पडायला सांगायच्या आणि बाकीच्यांना नेमून दिलेली कामं करायला लावायच्या. "एक दिवस न सांगता पाडीन," असंही त्यांनी बजावून ठेवलं होतं.

शेवटी एका सकाळी मैनाच मैदानावर आली, तरातरा.

"मॅडम, नोको म्हटलं ना मी? पोट्टी घरी रोज एकच तुणतुणं वाजवते. रक्तानं भरलेलं लेकरू तुमच्या हातात नव्हतं आलं, माह्या हातात आलं होतं."

मॅडम दोन पावलं मागे सरकल्या आणि धपकन मातीत पडल्या. अंग ताठ, डोळे मिटलेले.

मैना किंचाळली. मुलं मात्र धावली ती ठरल्याप्रमाणे. प्रियदर्शनीने घड्याळ सुरू केलं. सागरने दगड आणि पाण्याच्या बाटल्या बाजूला सारल्या. दोघांनी बाकीच्यांना मागे हटवलं. एकीने ओढणीची घडी डोक्याखाली सरकवली, आणि वर्षालीने मॅडमना हळूच कुशीवर वळवलं. हातपाय कोणीच दाबले नाहीत.

मैनाच्या हातात कधीच चप्पल आली होती. ती वाकणार तोच वर्षाली आडवी आली.

"काकू, चप्पल नोका लावू."

"सर बाजूले! मरन ना ते बाई!"

"नाही मरत. मांगच्या वर्षी मीच लावली होती प्रियाले. काही होत नाही त्यानं. नुसता श्वास कोंडते."

मैनाचा हात तसाच राहिला.

"एक मिनिट," प्रियदर्शनी म्हणाली. आणि काही वेळाने, "दोन."

"अन् थांबलंच नाही तर?" मैनाने विचारलं.

"पाच मिनिटं झाले का एकशे आठले फोन. अन् शालिकरामकाकाचा ऑटो सरावापुरता फाटकापाशीच उभा असते," सागर म्हणाला.

तीन मिनिटं झाल्यावर मॅडम धूळ झटकत उठल्या. "माफ करा ताई. तुम्हाला घाबरवलं."

"मॅडम, तुमी लय भारी पडता!" सागर म्हणाला आणि सगळी मुलं हसली.

मैना हसली नाही. तिने चप्पल खाली टाकली आणि वर्षालीकडे वळली. "तुले भेव नाही वाटलं?"

"वाटलं ना. हे पाहा, हात कापूनच राहिले अजून."

मैनाने ते हात पाहिले. मग लेकीकडे पाहिलं. लेक तिच्याकडे पाहतच नव्हती. ती चुन्याने आखलेल्या चौकोनांकडे पाहत होती, भुकेल्या माणसाने ताटाकडे पाहावं तशी.

"कुठं बसवान तिले?"

"मधे. पाचव्या चौकोनात. दोन्ही खांबांपासून लांब," मॅडम म्हणाल्या. "सकाळची गोळी घेतली ना?"

"माह्या हातानं देते मी." मैनाने चप्पल पायात सरकवली. "एक डाव. एकच. अन् मी इथंच उभी राहीन."

डाव सुरू झाला. प्रियदर्शनी पाचव्या चौकोनात बसली. धरायला वर्षाली धावत होती. ती पाठीमागून एकदा गेली, खो दुसरीला दिला. पुन्हा तिच्याकडे खो आला, ती पुन्हा गेली. प्रियदर्शनीने ओठ घट्ट मिटले. तिसऱ्यांदा पावलं जवळ आली, अडखळली, आणि वर्षालीचा हात तिच्या पाठीवर पडला.

"खो!"

पळणारी मुलगी हातभर अंतरावर होती. "धर! धर!" सगळे ओरडले. प्रियदर्शनी उठली, पण तिने त्या मुलीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती हसत हसत खांबाच्या दिशेने धावत सुटली, खांब मागे टाकला, चुन्याची शेवटची रेघ ओलांडली, आणि पार फाटकाजवळच्या कडुनिंबापर्यंत धावतच गेली.